स्थूलतेवरील शस्त्रक्रिया : करावी काय आणि कोणती?

कोणताही मोठा सौदा करताना व्यापारी दोन गोष्टी पाहतो. आज पदरात काय पडणार, ही एक. आणि पुढे वर्षानुवर्षे काय देत राहावे लागणार, ही दुसरी. स्वतःच्या देहाविषयी मात्र हा सावधपणा आपण क्वचितच दाखवितो. सकाळपासून दिवेलागणीपर्यंत पेढीवर बैठक, तूप-साखरेचा सढळ हात आणि दोन पावलांसाठीही वाहन, ह्या साऱ्याची बेरीज चाळिशीनंतर मधुमेह, रक्तदाब, गुडघेदुखी आणि झोपेत श्वास कोंडणे ह्या रूपाने पुढे उभी राहते. मग कोणी आप्त सांगतो, "अमक्याने पोटाचे ऑपरेशन केले आणि तीस किलो उतरला." एवढ्या एका वाक्यावर निर्णय होऊ नये, आणि नुसत्या भीतीने तो टळूही नये, म्हणून हा विषय क्रमाने समजून घेऊ.

शस्त्रक्रिया कोणासाठी?

प्रथम एक गैरसमज दूर केला पाहिजे. स्थूलता हा केवळ जिभेचा दोष नव्हे. वजन घटू लागले की शरीर भूक वाढविते, ऊर्जेचा खर्च आटोपता घेते आणि गमावलेले वजन परत मिळविण्याच्या खटपटीला लागते. पथ्याने उतरलेले वजन पुष्कळांच्या बाबतीत परतते ते ह्यामुळे. शस्त्रक्रियेने जठर लहान होतेच. शिवाय भूक व तृप्ती ह्यांचे संदेश देणाऱ्या द्रव्यांचे प्रमाणही बदलते. तिचा खरा गुण ह्या दुसऱ्या गोष्टीत आहे.

पात्रता मोजण्याचे साधन म्हणजे बीएमआय. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की तो मिळतो. १६५ सेंटिमीटर उंचीच्या, ९६ किलो वजनाच्या गृहस्थाचा बीएमआय सुमारे ३५ येतो. १९९१ साली अमेरिकेत ठरलेला दंडक असा होता : बीएमआय ४० च्या पुढे, अथवा ३५ च्या पुढे आणि सोबत गंभीर व्याधी. २०२२ साली ह्या विषयाच्या दोन संघटनांनी तो बदलला. आता ३५ च्या पुढे व्याधी असो वा नसो शस्त्रक्रियेची शिफारस आहे, आणि ३० ते ३५ मध्ये मधुमेहासारखा विकार असल्यास ती विचारात घ्यावी, असे म्हटले आहे. आपणा आशियाई लोकांत कमी वजनावरही हे विकार जडतात. म्हणून आपल्यासाठी ही मर्यादा २७.५ पर्यंत खाली आणली आहे.

विम्याचा हिशेब मात्र निराळा आहे. भारतीय विमा नियामक प्राधिकरणाने २०१९ साली ठरविलेल्या प्रमाण अटींत बीएमआय ४०, किंवा ३५ व सोबत अनियंत्रित मधुमेह, हृदयविकार वा झोपेत श्वास अडकण्याचा तीव्र विकार, अशी मर्यादा होती. त्याआधी इतर उपाय करून ते फसलेले असणेही आवश्यक होते. म्हणजे वैद्यक ज्यास पात्र मानील, त्यास विमा मिळेलच असे नाही. आपली पॉलिसी आधी वाचावी.

मुख्य प्रकार दोन

पहिला प्रकार स्लीव्ह गॅस्ट्रेक्टॉमी. ह्यात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश ते चार-पंचमांश भाग कायमचा काढून टाकतात व उरलेल्या भागाची अरुंद नळी होते. आतड्यांना हात लावीत नाहीत. शस्त्रक्रिया तुलनेने सोपी आहे. परंतु काढलेले जठर परत येत नाही, हे विसरू नये.

दुसरा गॅस्ट्रिक बायपास. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठाचे शल्यविशारद एडवर्ड मेसन ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात ह्याचा पाया घातला. ह्यात जठराच्या वरच्या टोकाशी लहानशी पिशवी करून ती थेट लहान आतड्याच्या पुढील भागाला जोडतात. उरलेले जठर पोटातच राहते, पण अन्न तेथून जात नाही. 'मिनी बायपास' ही ह्याचीच एका जोडाची आवृत्ती. गळपट्ट्यासारखा बँड बसविण्याची जुनी पद्धत आता फारशी कोणी करीत नाही.

दोहोंत डावे-उजवे कसे करावे? फिनलंडमध्ये २४० रुग्णांना चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गटांत विभागून पाहिले गेले. २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या दहा वर्षांच्या निष्कर्षानुसार, जादा वजनापैकी स्लीव्हने सुमारे ४३.५ टक्के, तर बायपासने ५०.७ टक्के उतरले. वजनातील हा फरक फार मोठा नाही. पण तपासणीत अन्ननलिकेचा दाह स्लीव्हवाल्यांत ३१ टक्के आणि बायपासवाल्यांत ७ टक्के आढळला. यास्तव ज्यास आधीपासूनच छातीत जळजळ व आंबट पाणी वर येण्याचा त्रास आहे, त्याने स्लीव्ह निवडताना दहादा विचार करावा.

मधुमेहाविषयीही मोजून बोलावे. अमेरिकेतील एका तौलनिक प्रयोगात पाच वर्षांनंतर, २०१७ साली, रक्तातील तीन महिन्यांच्या साखरेचा अंक ६ वा त्याखाली आणणे बायपासने २९ टक्के, स्लीव्हने २३ टक्के आणि केवळ औषधांनी ५ टक्के रुग्णांना साधले. लाभ मोठा आहे. पण "मधुमेह कायमचा गेला" हे आश्वासन कोणी देऊ नये व कोणी घेऊ नये.

उलट बाजूही आहे. बायपासनंतर जोडाच्या जागी व्रण होण्याचा धोका असतो. तंबाखू-धूम्रपान आणि डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन ह्यांसारख्या वेदनाशामक गोळ्या तो वाढवितात. गुडघ्यांसाठी रोज अशी गोळी घेणाऱ्याने ही गोष्ट शल्यचिकित्सकापासून लपवू नये. कदाचित तिच्यावरूनच प्रकार ठरेल.

अनुभवी केंद्रांत ह्या शस्त्रक्रियांत मृत्यूचे प्रमाण हजारी सुमारे एक असते. टाक्यांतून गळती, रक्तस्राव व रक्ताच्या गुठळ्या हे धोके अल्प, पण खरे आहेत.

आयुष्यभराचे देणे

आता जन्मभर फेडावयाच्या देण्याचा विचार करू. दोन्ही प्रकारांनंतर जीवनसत्त्वे व रक्ततपासणी ह्यांचा नेम आमरण पाळावा लागतो. बायपासमध्ये तो अधिक कडक असतो. शाकाहारी माणसात ब-१२ आधीच कमी असण्याचा संभव असतो. त्यात जठर लहान झाले की शोषण आणखी घटते. लोह, कॅल्शियम व ड जीवनसत्त्व ह्यांचेही तसेच. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच रक्त तपासून तूट भरून काढावी.

प्रथिने दिवसाला किमान ६० ग्रॅम सांगितली जातात. शंभर मिलिलिटर दुधात ती जेमतेम तीन-साडेतीन ग्रॅम, तर शंभर ग्रॅम पनीरात सुमारे १८ ग्रॅम असतात. चार-सहा घासांत तृप्त होणाऱ्या पोटाला हा आकडा गाठणे सोपे नाही. ताटात प्रथम डाळ, पनीर वा सोयाबीन. भात-पोळी नंतर, हा क्रम अंगवळणी पाडावा लागतो. पाणीही जेवताना न पिता दिवसभर घोट-घोट प्यावे लागते.

येथे आपल्या आचाराचा प्रश्न येतो. रात्रिभोजनत्याग नियोजनाने पाळता येतो. पण निर्जळ उपवास वा अठाई ह्यांनी, विशेषतः पहिल्या वर्षात, पाणी व जीवनसत्त्वांची तूट गंभीर रूप घेऊ शकते. पर्युषणात वा दशलक्षण पर्वात काय करावयाचे, हे शस्त्रक्रियेपूर्वीच वैद्य व गुरुजन ह्यांच्याशी बोलून ठरवावे. आणखी दोन गोष्टी. कित्येक कॅप्सूलांचे आवरण जिलेटिनचे असते. त्याऐवजी गोळी वा चूर्ण मागता येते. गुठळ्या टाळण्यासाठी बहुधा दिले जाणारे हेपॅरिन वर्गातील औषध डुकराच्या आतड्यापासून बनते. कृत्रिम पर्याय आपणास चालेल काय, हे आधी विचारावे. ऐनवेळी इंजेक्शन नाकारणे मात्र जिवावर बेतू शकते.

तिसरा मार्ग

अलीकडे सेमाग्लुटाइड व टिर्झेपटाइड ही औषधे आली आहेत. २०२५ साली टिर्झेपटाइड भारतीय बाजारात उतरले. त्यांनी पुष्कळ वजन घटते. पण औषध थांबविले की बरेचसे वजन परत येते. ज्याचा बीएमआय सीमारेषेवर आहे वा ज्यास भूल देणे जोखमीचे आहे, त्याने हा पर्याय आधी तोलावा.

निर्णयापूर्वी स्वतःस विचारावयाचे प्रश्न

१. माझा बीएमआय व माझ्या व्याधी कोणत्या मर्यादेत बसतात?
२. जठराची दुर्बिणीने तपासणी झाली आहे काय? बायपासनंतर आतील जुन्या जठरापर्यंत नेहमीची दुर्बीण पोहोचत नाही.
३. जळजळ, मधुमेह, वेदनाशामक गोळ्या, तंबाखू ह्यांपैकी मला काय लागू आहे?
४. शस्त्रक्रिया करणाराने आजवर ह्या प्रकारच्या किती केल्या, आणि पाच वर्षांनंतर त्याचे रुग्ण कसे आहेत?
५. दरवर्षीची तपासणी व औषधे ह्यांचा खर्च मी निवृत्तीनंतरही करू शकेन काय?
६. घरातील स्वयंपाक माझ्यासोबत बदलेल काय?

पाचव्या व सहाव्या प्रश्नाचे उत्तर 'नाही' असेल, तर पहिल्या चारांची उत्तरे कितीही अनुकूल असोत, थोडे थांबावे व आधी घरची तयारी करावी. उत्तर 'होय' असेल, तर "लोक काय म्हणतील" ह्या संकोचाने वर्षे दवडू नयेत. कारण वाढत्या वर्षांबरोबर मधुमेह जुना होतो आणि जुन्या मधुमेहावर शस्त्रक्रियेचा गुण कमी येतो. किती किलो उतरतील, ह्यापेक्षा कोणते देणे आपण जन्मभर बिनचूक फेडू शकू, हे पाहून ज्याने प्रकार निवडला, त्याचा निर्णय सहसा चुकत नाही.