असाइनमेंट कुणाची, मार्क कुणाला?

नाशिक जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी, कला-वाणिज्य महाविद्यालयात मी अर्थशास्त्र शिकवते. चॅटजीपीटी बाजारात आलं ३० नोव्हेंबर २०२२ला. आमच्या असाइनमेंटच्या गठ्ठ्यात ते दिसायला पुढचं शैक्षणिक वर्ष उजाडलं. तेव्हापासून अंतर्गत मूल्यमापनात जे करून पाहिलं, त्यातलं टिकलेलं आणि टाकून दिलेलं इथे मांडते.

१. आधीही फार बरं चाललेलं नव्हतं

कॉलेजबाहेरच्या झेरॉक्सच्या दुकानात पर्यावरणाचा प्रकल्प तयार मिळायचा. नाव आणि रोल नंबर बदलायचा, स्पायरल बाइंडिंग करायचं, जमा करायचा. नदीप्रदूषणाचा एकच प्रकल्प थोरल्या भावाकडून धाकट्या बहिणीकडे यायचा आणि आम्ही निमूट सह्या ठोकायचो. चॅटजीपीटीने कॉपी आणली म्हणणाऱ्या सहकाऱ्यांना मी हे गठ्ठे आठवायला सांगते. फरक पडला तो एवढाच, की पूर्वी दोन सारख्या फायली शेजारी ठेवल्या की चोरी उघडी पडे. आता प्रत्येकाची नक्कल वेगळी दिसते. ‘महागाईची कारणे व उपाय’ हा प्रश्न देऊन आम्ही उत्तर कुठूनतरी आणायलाच सांगत होतो. पोरांनी आणलं.

२. पकडणाऱ्या सॉफ्टवेअरवर विसंबू नये

चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने स्वतःच यंत्राचं लेखन ओळखणारं एक साधन काढलं होतं. कंपनीच्याच चाचणीत यंत्राने लिहिलेल्या मजकुरापैकी २६ टक्केच त्याला ओळखता आला, आणि माणसाने लिहिलेल्यापैकी ९ टक्के त्याने यंत्राच्या नावावर टाकला. जुलै २०२३मध्ये ते गुंडाळलं. त्याच वर्षी स्टॅनफर्डच्या संशोधकांनी दाखवलं, की इंग्रजी मातृभाषा नसलेल्यांनी लिहिलेले टोफेल या इंग्रजीच्या परीक्षेचे निबंध ही साधनं सर्रास यंत्राचे ठरवतात. चुकीचं प्रमाण सरासरी ६१ टक्क्यांच्या घरात. आमच्या वर्गात इंग्रजी मातृभाषा असलेलं एकही पोर नाही. अमेरिकेतल्या व्हँडरबिल्ट विद्यापीठाने टर्निटिन या नक्कल शोधणाऱ्या सॉफ्टवेअरमधली यंत्रलेखन ओळखायची सोय २०२३च्या ऑगस्टमध्येच बंद केली.

आपल्याकडे अजून यूजीसीच्या २०१८च्या नियमावलीतले टक्के घोकले जातात. दहा टक्क्यांपर्यंतचं साम्य चालतं, त्यावर कारवाईच्या पायऱ्या. पण ते साम्य मोजायचं असतं आधीच्या मजकुराशी. यंत्र दर वेळी नवा मजकूर पाडतं, मग साम्य कशाशी मोजणार?

मराठीत तर आमचा डिटेक्टर म्हणजे आम्हीच. ‘महत्त्वपूर्ण भूमिका बजावते’ दिसलं की स्टाफरूममध्ये भुवया उंचावतात. गंमत अशी, की हे वाक्य आम्हीच वर्षानुवर्षे नोट्समध्ये लिहून दिलं आहे. नीटनेटकं लिहिणारी मुलगी त्यामुळे उगाच संशयात सापडते. माझा नियम साधा आहे. संशय आला तर बोलावून विचारायचं. नुसत्या संशयावर मार्क कापायचे नाहीत.

३. ‘हाताने लिहून आणा’ हा उपाय नव्हे

मोबाइल उभा ठेवून शेजारी फुलस्केपवर उतरवणारी मुलं लायब्ररीत रोज दिसतात. बोटं दुखतात, एवढंच.

४. प्रश्न गावातला विचारावा

याने सगळ्यात जास्त फरक पडला. ‘शेतमाल विपणनातील समस्या’ हा विषय काढून टाकला आणि सांगितलं, घरातली नाहीतर शेजाऱ्याकडची कांद्याची पट्टी आणा आणि तिच्यातली एकेक ओळ समजावून लिहा. पट्टी म्हणजे लिलावानंतर व्यापारी शेतकऱ्याला देतो तो हिशेबाचा कागद. एका मुलीने वडिलांच्या दोन वर्षांच्या पट्ट्या आणल्या. वजन, भाव, एकूण रक्कम, खाली हमाली-तोलाई-वाराईची वजावट, मग हातात आलेले पैसे. तिने लिहिलं होतं की गोल्टी, म्हणजे बारीक कांदा, वेगळी काढून विकली तर तिचा भाव कमी लागतो, पण मोठ्या मालात मिसळली तर सगळ्या ट्रॉलीचा भाव पडतो. म्हणून निवडायला बायका लावायच्या की नाही हे त्या दिवशीच्या मजुरीवर ठरतं. सीमांत खर्च आणि सीमांत प्राप्ती मी फळ्यावर शिकवते, ती हीच. तिने ते शब्द कुठेही वापरले नव्हते आणि मी पैकीच्या पैकी मार्क दिले.

ज्यांच्या घरी शेत नाही त्यांचं काय, हा प्रश्न एका सहकाऱ्याने विचारला. रास्तच होता. पण बाजार समितीत हमाली करणाऱ्याच्या मुलाने त्याच पट्टीची दुसरी बाजू लिहिली. शेतकऱ्याच्या हिशेबात जी वजावट, ती त्याच्या घरची मजुरी. एप्रिल २०२४मध्ये याच कपातीच्या वादावरून नाशिक जिल्ह्यातले लिलाव बंद पडले, तेव्हा घरात काय झालं हे त्याने एका परिच्छेदात सांगितलं. वर्गात या दोघांना समोरासमोर बसवलं, तो तास संपल्याची घंटा कुणाला ऐकू आली नाही.

५. लेखी घेतलं की दोन प्रश्न तोंडी विचारावेत

पट्टीचा फोटो काढून यंत्राला देता येतो आणि यंत्र एकेक ओळ समजावूनही देतं. हे पोरांना माझ्याआधी कळलं. म्हणून असाइनमेंटला निम्मे मार्क आणि त्याच असाइनमेंटवरच्या तोंडीला निम्मे. प्रश्न फार अवघड नसतात. ‘हा आकडा कुठून आणलास?’ ‘भाव दोनशेने पडला असता तर हे वाक्य बदललं असतं का?’ ज्याने लिहिलंय तो अडखळला तरी बोलतो. ज्याने लिहून घेतलंय तो पहिल्याच प्रश्नाला फाइल चाळायला लागतो.

यात आमच्या बाजूने एक सावधगिरी हवी. तोंडी परीक्षेत बोलका पोरगा पुढे जातो आणि गप्प मुलगी मागे पडते. शिवाय परीक्षकाचे लाडके-नावडते असतातच. म्हणून प्रश्नांच्या चिठ्ठ्या आधी लिहून ठेवायच्या आणि दोघांनी बसायचं. बागलाणकडच्या मुलांना मी सांगते, अहिराणीत सांगितलंस तरी चालेल. लेखीत जेमतेम पास होणाऱ्या एकाने किमान निर्यातमूल्य म्हणजे काय ते अहिराणीत असं उलगडलं, की शेजारी बसलेल्या सरांनी ते लिहून घेतलं.

६. एखादं काम मोबाइल उघडा ठेवून करू द्यावं

सिडनी विद्यापीठाने मूल्यमापनाचे सरळ दोन मार्ग केले आहेत. काही परीक्षा देखरेखीखाली, यंत्राविना. बाकी कामात यंत्र वापरायला मुभा. आपल्या तालुक्यालाही हे परवडतं. मी कांदा निर्यात धोरणावर यंत्राकडून टिपण लिहून घ्यायला सांगते आणि मार्क देते ते त्यातल्या चुका शोधायला. मागच्या खेपेला टिपणात निर्यातशुल्क आणि निर्यातबंदी यांची खिचडी झाली होती. मुलांनी वर्तमानपत्रांच्या फायली काढून क्रम लावला: ऑगस्ट २०२३मध्ये ४० टक्के शुल्क, डिसेंबरमध्ये बंदी, मे २०२४मध्ये बंदी उठली पण शुल्क राहिलं, सप्टेंबरमध्ये ते २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५पासून गेलं. एका टिपणात अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगिळांच्या नावावर त्यांनी कधी न लिहिलेलं पुस्तक होतं. आमचे ग्रंथपाल ते अर्धा तास शोधत होते.

७. खरी अडचण वेळेची आहे

वर्गात १२० मुलं. प्रत्येकाला तोंडीची पाच मिनिटं धरली तरी दहा तास होतात, तेही एका विषयाच्या एका असाइनमेंटचे. आमच्याकडे मंजूर पदं रिकामी आहेत आणि तासिका तत्त्वावरच्या सहकाऱ्यांना पैसे मिळतात ते वर्गातल्या तासाचे. तोंडी घेण्याचे, असाइनमेंट नीट वाचण्याचे कुणी देत नाही. मग ते पानं मोजून सही करणार, आणि त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटत नाही.

प्राचार्य आणि विद्यापीठांच्या परीक्षा मंडळांकडे म्हणून एकच मागणं आहे. डिटेक्टरच्या वार्षिक वर्गणीचे प्रस्ताव बाजूला ठेवा. तोंडी परीक्षेचे तास कार्यभारात धरा, तासिकावाल्यांना त्याचे पैसे द्या आणि रिकाम्या जागा भरा.