विद्यापीठांतील आपल्या मुलांचें नैराश्य

मंडळींतील एखादा मुलगा पुण्यामुंबईच्या कॉलेजांत निघाला म्हणजे आपण प्रार्थना करून त्यास आनंदानें निरोप देतों. पुढें तो सुटींत घरीं आला कीं काय विचारितों? मार्क किती पडले? आम्हींही हेंच विचारिलें आहे. एका मुलानें खालीं पाहून "बरे आहेत" म्हटलें, व आम्हीं तेवढ्यावर समाधान मानिलें. तो दोन महिने वर्गांत गेलाच नव्हता. त्यास डॉक्टराकडे नेलें तें त्याच्या खोलींतील सोबत्यानें, आम्हीं नव्हे.

नैराश्य हा आळस नव्हे, विश्वासाची उणीवही नव्हे. तो आजार आहे. दोन आठवडे वा अधिक काळ मन उदास राहणें, कशांतच गोडी न वाटणें, झोप व भूक बिघडणें, हीं त्याचीं लक्षणें होत. त्याचें कारण बहुधा एकच नसतें. कोणाच्या घराण्यांत हा आजार पूर्वींपासून असतो. त्यांत परगांवचें एकटेपण, जागरण व फीसाठीं काढलेलें कर्ज यांची भर पडते. मराठी शाळेंत पहिला येणारा मुलगा इंग्रजी व्याख्यानांत एकाएकीं मुका होतो. जातीवरून टोमणे ऐकावे लागतात तें निराळेंच. आणि बापानें बैल विकून पैसे धाडले हें ठाऊक असल्यामुळें नापास झाल्याचें तो घरीं सांगत नाहीं. आमच्या मतें ही लाजच अधिक घातक, कारण ती तोंड बंद करिते.

सरकारी नोंदीप्रमाणें २०२२ सालीं भारतांत १३,०४४ विद्यार्थ्यांनीं आत्महत्या केली. सर्वांचें मूळ नैराश्यच होतें असें नाहीं. परंतु २०२१ सालीं सर्व राज्यांत महाराष्ट्राचा आंकडा मोठा, १,८३४, होता.

एलीया झुडपाखालीं बसून मरण मागूं लागला, तेव्हां देवानें त्यास आधीं झोपूं दिलें व दोनदां अन्नपाणी पुरविलें. बोलणें मागाहून झालें.

मुलगा गप्प दिसला तर त्यास एकांतीं स्पष्ट विचारावें, मरणाचे विचार येतात काय? विचारिल्यानें ते मनांत शिरत नाहींत. होय म्हणाला तर त्यास एकटें सोडूं नये, त्याच दिवशीं जिल्ह्याच्या सरकारी रुग्णालयांत न्यावें. सरकारचा टेलिमानस दूरध्वनि, क्रमांक १४४१६, अहोरात्र फुकट चालतो व तेथें मराठींत बोलतां येतें. पोलिसांच्या भयानें कांहीं लपवूं नये. जीव देण्याचा प्रयत्न करणारा तीव्र तणावाखालीं होता असें २०१७ चा कायदा धरून चालतो.