हातकागदाची धूपवर्ती : जव्हार-मोखाड्याच्या संदर्भात

व्रणिताच्या धूपनासाठी सुश्रुताचार्यांनी गुग्गुळ, अगरू, राळ, वचा, श्वेतसर्षप, निंबपत्र इत्यादी द्रव्ये सांगितली आहेत. धूमपानाची वर्ती करताना शरकांडास क्षौमवस्त्र गुंडाळून त्यावर कल्काचा लेप देण्याची त्यांची कृती सर्वपरिचित आहे. वस्त्राच्या जागी हातकागद घेतल्यास धूपनासाठी सुटसुटीत वर्ती होऊ शकते. नेपाळात लोक्ता कागदात वनस्पतींचे चूर्ण भरून, पीळ देऊन धूप करण्याची परंपरा आहे. महाराष्ट्रातही जुन्नरचा कागद प्रसिद्ध होता. पुण्यात १९४० साली हातकागद संस्था स्थापन झाली.

कृती : सुती चिंध्यांच्या लगद्याचा, रंग व छपाई नसलेला पातळ हातकागद घ्यावा. कृत्रिम धाग्याची भेसळ असलेला कागद वर्ज्य करावा. २० सें.मी. लांब व ४ सें.मी. रुंद पट्टीवर सुमारे २ ग्रॅम वस्त्रगाळ चूर्ण पसरून घट्ट पीळ द्यावा. निर्गुडी व निंबपत्र मिळून २ भाग, वचा १ भाग आणि राळ १ भाग असे प्रमाण आम्ही सुचवितो. राळ अधिक झाल्यास ती वितळून निखारा विझतो. वर्ती सावलीत वाळवून हवाबंद ठेवावी; जव्हारच्या पावसाळ्यात ही दक्षता अनिवार्य होय. पेटविल्यावर ज्वाला फुंकून विझवावी.

मात्राविचार : जव्हार-मोखाड्यातील कुडाच्या घरांत पावसाळ्यात चुलीचा धूर आधीच कोंडलेला असतो. त्यात निखाऱ्यावर मूठभर द्रव्ये टाकून बाळंतीण व बालकास धुरी दिली, तर उपकारापेक्षा अपाय अधिक संभवतो. वर्तीचा खरा गुण येथेच आहे : द्रव्य मोजून घेता येते व तुकडा तोडून मात्रा कमी करता येते. तथापि धूर तो धूरच. म्हणून बालक, गर्भिणी व श्वासरोगी यांना बाहेर ठेवून रिकाम्या खोलीतच धूपन करावे. दारे-खिडक्या उघडून धूर निघून गेल्यावरच त्यांना आत आणावे. धूपनाने निर्जंतुकीकरण होते, असे आश्वासन रुग्णास देऊ नये.

गुग्गुळाचा वृक्ष आज अतिसंकटग्रस्त असल्याने वरील योगात आम्ही तो घेतलेला नाही. निर्गुडी कोकणपट्टीत सहज मिळते. औषधी गुणांचा दावा करून विक्रीसाठी उत्पादन करावयाचे झाल्यास १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यान्वये परवाना आवश्यक आहे, हे फार्मसीचालकांनी ध्यानी घ्यावे.

वैद्यबंधू-भगिनींनी हा योग करून पाहावा आणि गुणाइतकेच दोषही आम्हांस कळवावेत.