स्वस्त चिलखत आणि चाचणीचा खर्च

संरक्षण साहित्याच्या स्वदेशीकरणाची चर्चा प्रामुख्याने विमाने, तोफा आणि क्षेपणास्त्रे यांभोवती होत असते. तथापि, जवानाचे वा पोलीस शिपायाचे सर्वांत निकटचे संरक्षण म्हणजे अंगावरील गोळीरोधक जॅकेट होय. ते देशातच, कमी खर्चात तयार व्हावे हे इष्टच. परंतु कमी खर्च कशाला म्हणावे, हा अर्थशास्त्राचाही प्रश्न आहे.

न दिसणारा दर्जा

धान्य पाखडून पाहता येते, कापड चाचपून घेता येते. चिलखतातील दोष मात्र वापरणाऱ्याला गोळी लागल्यावरच कळतो. विक्रेत्याला असलेली माहिती ग्राहकाला नसली, की निकृष्ट माल कमी दराच्या बळावर चांगल्या मालाला बाजाराबाहेर ढकलतो. केवळ न्यूनतम दराची निविदा स्वीकारल्यास हाच धोका संभवतो. नोव्हेंबर २००८ मधील मुंबईवरील हल्ल्यानंतर पोलिसांच्या जॅकेटांच्या दर्जाविषयी महाराष्ट्रात गंभीर प्रश्न उपस्थित झाले होते.

चाचणीचे स्वरूप

जॅकेट विशिष्ट मातीच्या ठोकळ्यावर बांधून त्यावर ठरावीक वेगाच्या गोळ्या झाडतात. गोळी अडली एवढ्याने भागत नाही. मागील मातीत पडलेल्या खळग्याची खोलीही मोजतात. अमेरिकेतील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ जस्टिसच्या मानकानुसार तिची मर्यादा ४४ मिलिमीटर आहे. खळगा अधिक खोल असल्यास गोळी अडूनही बरगड्यांना व आतील अवयवांना इजा होऊ शकते. घरगुती प्रयोगांतील साधा पोलादी पत्रा गोळी अडवू शकला, तरी तिचे उडालेले तुकडे मान व हनुवटी जखमी करू शकतात.

टिकाऊपणाची कसोटीही तितकीच आवश्यक आहे. २००३ मध्ये पेनसिल्व्हानिया राज्यात झायलॉन धाग्याच्या जॅकेटातून गोळी आरपार जाऊन एक पोलीस अधिकारी जखमी झाला. उष्णता व आर्द्रतेने हा धागा कमकुवत होतो, हे पुढे स्पष्ट झाले. त्यामुळे २००८ च्या अमेरिकी मानकात जॅकेट उष्ण, दमट वातावरणात ठेवून व घुसळून मगच गोळीबाराची चाचणी घेण्याची अट आली. भारतातील पावसाळा आणि उन्हाळा पाहता हा धडा आपल्यालाही लागू पडतो.

भारतातील वाटचाल

भारतीय मानक ब्युरोने २०१८ मध्ये आयएस १७०५१ हे मानक प्रसिद्ध करून धोक्याच्या सहा पातळ्या निश्चित केल्या. त्याच वर्षी लष्करासाठी १,८६,१३८ जॅकेटांचा सुमारे ६३९ कोटी रुपयांचा करार देशी उत्पादकाशी झाला. म्हणजे सरासरी एका जॅकेटास सुमारे ३४,३०० रुपये. सप्टेंबर २०२४ मध्ये संरक्षण संशोधन व विकास संघटना आणि आयआयटी दिल्ली यांनी पॉलिमर व स्वदेशी बोरॉन कार्बाइडपासून बनवलेली 'अभेद' जॅकेटे जाहीर केली. धोक्याच्या पातळीनुसार त्यांचे किमान वजन ८.२ व ९.५ किलो आहे.

धोरणाची दिशा

चाचणीत नमुना नष्ट होतो, त्यामुळे तिचा खर्च लहान उद्योगाला जड जातो. म्हणून सामायिक चाचणी केंद्रे उभारणे, प्रत्येक खेपेतून खरेदीदाराने स्वतः नमुने निवडणे आणि वापरातील जुन्या जॅकेटांची ठरावीक मुदतीने तपासणी करणे, हे तीन उपाय उपयुक्त ठरतील. हा खर्च किमतीत धरूनच जॅकेटाचे मोल ठरवावे. न तपासलेल्या चिलखतावर वाचवलेले पैसे ही बचत नव्हे. ती जोखीम शिपायाच्या माथी मारलेली असते.