मोठ्या संख्यांची आकडेमोड आणि संगणकाची मर्यादा

वहीत गुणाकार करताना उत्तर लांबले, तर आपण कागदावर थोडी अधिक जागा घेतो. संगणकात मात्र पूर्णांकासाठी बहुधा आधीच जागा ठरलेली असते. जावा भाषेतील ‘इंट’ या प्रकारात ती ३२ बिटांची असून तीत २,१४,७४,८३,६४७ पेक्षा मोठी संख्या मावत नाही. उत्तर त्यापलीकडे गेले की न मावणारे वरचे बिट गळून पडतात. यालाच ‘इंटिजर ओव्हरफ्लो’, म्हणजे पूर्णांक ओसंडणे, असे म्हणतात.

क्रमगुणित शिकविताना आम्ही विद्यार्थ्यांपुढे एक उदाहरण मुद्दाम ठेवतो. १ ते १२ या संख्यांचा गुणाकार ४७,९०,०१,६०० आहे. तो या जागेत मावतो. त्यास १३ ने गुणले असता ६,२२,७०,२०,८०० हे उत्तर यावयास हवे. संगणक मात्र १,९३,२०,५३,५०४ दाखवितो. खऱ्या उत्तरातून २ चा ३२ वा घात, म्हणजे ४,२९,४९,६७,२९६, निघून गेलेला असतो. कोणतीही सूचना मिळत नाही. ऋण संख्या आली असती तर निदान शंका आली असती. येथे तीही येत नाही. म्हणून उत्तर पाहून चूक ओळखता येईल, या भरवशावर आपण राहू नये.

अशा गाफीलपणाची किंमत मोठी असू शकते. ४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून ‘एरियन ५’ हा युरोपीय अग्निबाण प्रथमच सोडण्यात आला. आडव्या वेगाशी निगडित असलेली एक संख्या १६ बिटांच्या पूर्णांकात बदलताना ३२,७६७ ही मर्यादा ओलांडली गेली. आज्ञावलीचा तो भाग ‘एरियन ४’ वरून घेतलेला होता. तेथे ही संख्या तेवढी वाढत नसे, म्हणून तपासणी ठेवलेली नव्हती. उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत अग्निबाण नष्ट झाला.

हे टाळण्याचे चार मार्ग आम्ही शिकवितो.

१. आधी भागून पाहणे : धन संख्यांचा गुणाकार करण्यापूर्वी कमाल मर्यादेस गुणकाने भागावे. २,१४,७४,८३,६४७ ला १३ ने भागल्यास भागाकार १६,५१,९१,०४९ येतो. आपली ४७,९०,०१,६०० ही संख्या त्याहून मोठी आहे. अर्थात गुणाकार मावणार नाही, हे तो न करताच कळते.

२. क्रियांचा क्रम बदलणे : दोन मोठ्या धन संख्यांचा मध्य काढताना (अ + ब) ÷ २ मधील बेरीजच ओसंडू शकते. ब ही मोठी संख्या असेल, तर अ + (ब − अ) ÷ २ असे लिहावे.

३. पायरीगणिक बाकी घेणे : २ च्या १०० व्या घातास ७ ने भागून केवळ बाकी हवी असेल, तर प्रत्येक दुपटीनंतर ७ ने भागून बाकीच पुढे न्यावी. १२ पेक्षा मोठी संख्या कधीच येत नाही, आणि उत्तर २ मिळते.

४. संख्येचे तुकडे करणे : संपूर्ण उत्तरच हवे असेल, तर उजवीकडून चार-चार अंकांचे गट पाडावेत. ४ | ७९०० | १६०० यास १३ ने गुणू. १६०० × १३ = २०८००; ०८०० लिहून हातचे २. ७९०० × १३ + २ = १०२७०२; २७०२ लिहून हातचे १०. ४ × १३ + १० = ६२. उत्तर ६२ | २७०२ | ०८००. येथे ०८०० मधील पहिले शून्य गाळले, तर सारे उत्तर बिघडते.

पायथन भाषा पूर्णांकास लागेल तशी जागा स्वतःच वाढवून देते. तिच्या पोटातही ही तुकड्यांचीच रीत आहे.

शेवटी वाचकांसाठी एक अभ्यास. ६४ बिटांच्या चिन्हयुक्त पूर्णांकात २० चे क्रमगुणित मावते, २१ चे मावत नाही. २४३ | २९०२ | ००८१ | ७६६४ | ०००० यास आपण वहीत २१ ने गुणून पाहावे. ५१०९ | ०९४२ | १७१७ | ०९४४ | ०००० असे उत्तर आले, तर ही रीत आपणांस साधली असे समजावे.