व्हिडिओचाही ताळा करून बघा

मैत्रिणींनो, गटाची बचत आपण आधी मोजतो, मग वहीत लिहितो आणि पासबुकाशी ताळा करतो. पैसे देणारी ताई कितीही विश्वासातली असली तरी मोजतोच. हीच सवय आता मोबाईलवर येणाऱ्या व्हिडिओला लावायची आहे. एआय, म्हणजे कृत्रिम बुद्धिमत्ता वापरून कुणाचाही चेहरा आणि आवाज हुबेहूब बनवता येतो. अशा बनावट व्हिडिओला डीपफेक म्हणतात.

जानेवारी २०२४ मध्ये सचिन तेंडुलकर एका गेमिंग अ‍ॅपची जाहिरात करतोय, असा व्हिडिओ फिरला. आपली मुलगीही त्यातून कमावते, असं तो सांगताना दिसत होता. व्हिडिओ खोटा असल्याचं शेवटी सचिनलाच जाहीर करावं लागलं.

ओठ आणि आवाज जुळतात का, हे बघावं. पण त्यावर भरवसा ठेवू नका, नकल आता फार सफाईदार होते. म्हणून चेहऱ्यापेक्षा मागणी तपासा.

१. काय मागतायत? पैसे, ओटीपी, आधार नंबर किंवा लिंक दाबायला सांगितली की थांबा. "आजच करा, नाहीतर लाभ बंद" अशी घाई असेल तर जास्तच सावध व्हा.

२. मूळ जागी विचारा. योजनेचं असेल तर ग्रामपंचायतीत किंवा अंगणवाडीताईंना, कर्जाचं असेल तर बँकसखीला किंवा शाखेत विचारा. सरकारी संकेतस्थळाचा पत्ता बहुतेक वेळा 'जीओव्ही डॉट इन'ने संपतो. केंद्र सरकारबद्दलचा मेसेज पीआयबी फॅक्ट चेकच्या ८७९९७११२५९ या व्हॉट्सअ‍ॅप नंबरवर पाठवून विचारता येतो.

३. ओळखीचा आवाज असला तरी. "आई, अपघात झालाय, पैसे टाक" असा मुलाच्या आवाजात फोन आला, तर ठेवून द्या आणि त्याच्या नेहमीच्या नंबरवर स्वतः लावा. घरात एक खुणेचा शब्द ठरवून ठेवा.

पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कळवाल, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त.

आणखी एक. एखाद्या बाईचा किंवा मुलीचा घाणेरडा फोटो गावच्या ग्रुपवर आला, तर तो बनवलेला असू शकतो. खरा असो की खोटा, पुढे पाठवू नका. "तिनंच काहीतरी केलं असेल" असं बोलू नका. तिच्या घरी जा, मेसेजचा पुरावा जपून ठेवायला सांगा आणि पोलीस ठाण्यात तिच्यासोबत जा. गट अशा वेळीच कामाला येतो.

पुढच्या बैठकीत करा: प्रत्येकीने मोबाईलवर आलेला एक मेसेज किंवा व्हिडिओ दाखवायचा. तो कुणी पाठवला, त्यात काय मागितलंय आणि खरं-खोटं कुणाला विचारायचं, हे सगळ्यांनी मिळून ठरवायचं. ज्या ताईंकडे साधा फोन आहे त्यांनाही सामील करून घ्या, फसवणारा फोन त्यांनाही येतोच. १९३० हा नंबर बचतीच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.