तबकडीतला आवाज

मुलांनो, हातकणंगल्याहून रेल्वेने मिरज जवळच आहे. तेथील मीरासाहेब दर्ग्याच्या आवारात उस्ताद अब्दुल करीम खाँ यांची कबर आहे. १८७२ मध्ये उत्तरेतील कैराना गावी जन्मलेले खाँसाहेब पुढे मिरजेत स्थायिक झाले. १९३७ मध्ये ते वारले. आवाज मात्र आजही ऐकता येतो. त्या काळच्या तबकडीच्या, म्हणजे रेकॉर्डच्या, एका बाजूवर जेमतेम तीन-चार मिनिटांचे गाणे मावे. मैफलीत तासभर रंगणारा राग एवढ्यात कसा बसवायचा? झिंझोटी रागातील त्यांची ठुमरी अवश्य ऐका. कोठेही घाई नाही! गदगच्या लहानग्या भीमसेन जोशींनी ती तबकडीवर ऐकली आणि गाणे शिकण्यासाठी १९३३ मध्ये घर सोडले. गावोगाव भटकल्यावर त्यांना गुरू लाभले ते सवाई गंधर्व, खाँसाहेबांचेच शिष्य.